पुष्प तिसरे: दलदलीतले डॉक्टरसाहेब

माझे बाबा चिंचवडला चाळीस वर्षं डॉक्टर होते, पण गावात त्यांची ओळख होती ती आभार मानणारे डॉक्टर म्हणून. व्याख्यानमाला असो, रक्तदान शिबिर असो नाहीतर कुणाची एकसष्टी असो, शेवटी माइकपाशी बाबाच. भाषण लांबलेलं असायचं, लोक चपला शोधायला लागलेले असायचे, मागे सतरंज्या गुंडाळल्या जात असायच्या, तरी बाबा मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत एकालाही न वगळता सगळ्यांचे आभार मानायचे. मला लहानपणी त्याची लाज वाटायची आणि रागही यायचा. राग बाबांचा नव्हे, त्यांना बोलावणाऱ्यांचा. या माणसाकडे सांगण्यासारखं इतकं आहे, आणि तुम्ही त्याला नुसते आभार मानायला उभं करता?

सांगण्यासारखं म्हणजे डॉक्टरसाहेब. अमेरिका नावाचा देश नुकता कुठे बाळसं धरत होता त्या काळातले एक डॉक्टर. बाबांना ते कॉलेजात असताना पुण्याच्या फुटपाथवर भेटले, कव्हर फाटलेल्या एका इंग्रजी पुस्तकात, जेमतेम तीन-चार पानांपुरते. तेव्हापासून बाबांनी त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. तिकडचे पहिले राष्ट्राध्यक्ष सगळ्या जगाला माहीत, पतंग उडवून वीज पकडणारे गृहस्थही माहीत. त्यांच्याच पंगतीला बसून राज्यघटनेखाली सही करणारे आमचे डॉक्टरसाहेब मात्र खुद्द अमेरिकेतसुद्धा फारसे कुणाला ठाऊक नाहीत, याचं बाबांना घरचं माणूस डावलल्यासारखं दुःख. नाव मी इथे लिहीत नाही. आईने त्या नावावर घरात बंदी घातल्यामुळे आम्हाला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचीच सवय, आणि लिहिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार.

आईची बंदी उगीच नव्हती. डॉक्टर माणसाने राजकारणात पडून देश घडवावा, हे डॉक्टरसाहेबांच्या नादाने बाबांच्या डोक्यात शिरलं आणि मी शाळेत असताना त्यांनी महापालिकेची निवडणूक लढवली. अपक्ष. निशाणी शिट्टी. डिपॉझिट तर गेलंच, पण आमच्या सोसायटीतलीसुद्धा सगळी मतं पडली नाहीत. ‘लोक तुमच्याकडे औषध घ्यायला येतात, मत द्यायला नाही,’ एवढं आई म्हणाली आणि त्या दिवसापासून बाबांनी जेवताना डॉक्टरसाहेबांचा विषय काढला, की ती उठून पोळ्या लाटायला जायची. पोळ्या झालेल्या असल्या तरी.

हे बाबा दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आमच्याकडे मेलबर्नला आले. एकटेच. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते उरकलं की एप्रिलमध्ये आई येणार होती. मग जे झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. विमानं थांबली, सीमा बंद झाल्या, आई चिंचवडला राहिली आणि बाबा ट्रुगानिनाला.

ट्रुगानिना म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेला माळावर उठलेली नवीकोरी वस्ती. एकासारखं एक घर, दर तिसऱ्या घरापुढे तुळस आणि बूट-चपलांचा ढीग. एरवी बाबांना इथे करमलंही असतं. पण आता नवरा घरून काम करणार, मी घरून काम करणार, बारावीतली लेक खोलीचं दार लावून ऑनलाइन शिकणार, आणि घरात चौघं असून बाबांशी बोलायला कुणी नाही. सुरुवातीला चिंचवडच्या पेशंटांचे फोन यायचे, तेही हळूहळू थांबले. रोज सकाळी टीव्हीवर राज्याच्या प्रमुखांची पत्रकार परिषद असायची, ती ते कीर्तनाला बसल्यासारखी ऐकायचे आणि मग खिडकीशी जाऊन उभे राहायचे. दुसरी लाट आली, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी झाली, आणि बाबांनी दाढी करणं सोडलं. दाढी न केलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. मी घाबरले. अगदी सरळ सांगते, हा माणूस इथेच माझ्या डोळ्यांदेखत विझणार आणि मी मीटिंगमध्ये असणार, या भीतीने मला कामात चित्त लागेना.

अशात इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा मेसेज आला. हे गृहस्थ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डँडेनॉन्गला राहतात. त्यांना कार्यक्रमाशिवाय चैन पडत नाही. गणपती नाही, कोजागिरी नाही, म्हणून कासावीस होऊन त्यांनी काढली होती ऑनलाइन वसंत व्याख्यानमाला. सप्टेंबरात. कारण इथला वसंत सप्टेंबरात येतो. मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते कित्येक आठवड्यांनी हसले. भाद्रपदात वसंत, म्हणाले, आणि पितृपक्षात उद्घाटन असेल!

त्या हसण्याने मला धीर आला. मी बाबांना न विचारता सेक्रेटरींना फोन केला आणि तिसरं पुष्प आमच्या घरचं म्हणून सांगून टाकलं. पहिल्या दोन पुष्पांत एक गुंतवणूक सल्लागार होते आणि एक योगशिक्षिका, त्यामुळे इतिहास म्हटल्यावर सेक्रेटरी खूश झाले. संध्याकाळी चहा देताना मी बाबांना म्हटलं, की मंडळाच्या कार्यक्रमात तुम्हाला बोलायचंय.

“बोलेन की,” बाबा म्हणाले. “आभारच ना?”

“आभार नाही, बाबा. व्याख्यान. तुमचं.”

त्यांनी कप खाली ठेवला. विषय कोणता, असं त्यांनी विचारलंही नाही. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, की एका तासात तो माणूस मावणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून पाण्याचा आवाज आला, आणि बाबा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नाश्त्याला आले. मी सिंकपाशी तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि पोहे करपत होते.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं होतं त्याला मी तरी सणच म्हणेन. त्या वर्षी लॉकडाउनमध्ये मजा आली असं कबूल करायला लोक लाजतात. मी लाजत नाही. बाबांनी आयुष्यभर त्या तीन-चार पानांवर गुजराण केली होती. त्यांना माहीतच नव्हतं की जुनी पुस्तकं, जुनी कागदपत्रं आता घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. मी लॅपटॉप उघडून दाखवला आणि माणूस बेपत्ताच झाला. जेवायला हाक मारली तर ‘आलो’ म्हणायचे आणि यायचे नाहीत. डॉक्टरसाहेब आधी धर्मोपदेशक व्हायला निघाले होते, मग गणित शिकवत होते, मग युरोपात जाऊन डॉक्टर झाले. विजेचा झटका देणाऱ्या माशाला हात लावून त्यांनी प्रयोग केले. इंग्रजांच्या करावर चिडलेल्या लोकांनी बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या त्या रात्री ते त्या गावात हजर होते. दर दिवशी एक नवीन भानगड निघायची आणि बाबा ती घेऊन घरभर फिरायचे.

एका दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि त्या दिवशी क्लायंटसमोर रिलीज का लांबली हे समजावत होते. कॅमेरा चालू. तेवढ्यात मागचं दार उघडून बाबा घुसले, अर्ध्या चड्डीत, हातात चष्मा.

“शुक्र! शुक्र बघायला बसले होते ते!”

झालं होतं असं, की सूर्याच्या बिंबावरून शुक्राचा ठिपका सरकताना पाहायला सगळ्या जगातल्या विद्वानांनी सतराशे एकोणसत्तर साली दुर्बिणी रोखल्या होत्या, आणि अमेरिकेतल्या त्या मंडळीत आमचे डॉक्टरसाहेब होते. आणि तोच शुक्र पाहायला इंग्लंडहून एक जहाज पॅसिफिकमध्ये गेलं होतं. शुक्र पाहून झाल्यावर ते जहाज पुढे कुठे गेलं? तर इथे! ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर! पन्नास वर्षं ज्या माणसाला ते चिंचवडात बसून ओढून जवळ आणत होते, तो आज आपण होऊन त्यांच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता. माझा मॅनेजर, अस्सल ऑसी, म्हणाला, “नो वरीज मेट, लेट हिम फिनिश.” मग बाबांनी मोडक्यातोडक्या नव्हे, चांगल्या खणखणीत इंग्रजीत क्लायंटला शुक्राचं अधिक्रमण समजावलं. रिलीजचं कुणी नंतर विचारलं नाही.

एकच गोष्ट त्यांना खुपत होती. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, आईचा व्हिडिओ कॉल असायचा. बाबा औषधं, भाजी, मावशीचा गुडघा असं सगळं विचारून झालं की हळूच सुरू करायचे, अगं, आज एक गंमत सापडली. की आई म्हणायची, झालं का सुरू, आणि फोन तिच्याकडेच राहायला आलेल्या मावशीच्या हातात द्यायची. मावशी बिचारी ऐकायची, पण तिला ऐकूच कमी येतं. व्याख्यानाचं कळल्यावर आईने ‘दुपारी माझी झोप असते’ एवढंच सांगितलं. बाबा हसले, पण रोज रात्री झोपायच्या आधी मला विचारायचे, तिला लिंक पाठवलीस ना? मी पाठवली होती. तरी मी दर वेळी परत पाठवायचे.

आता कार्यक्रमाबद्दल. आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. सेक्रेटरी म्हणत होते की ऑनलाइन आहे, थोडक्यात आटपू, थेट व्याख्यान सुरू करू. पण ही सूचना ज्यांनी धुडकावली ते खुद्द आमचे बाबा. आयुष्यभर कार्यक्रमाच्या शेपटाला लटकलेल्या माणसाला आता पुढची बाजू मिळाली होती. दीपप्रज्वलन हवं, ईशस्तवन हवं, स्वागत, प्रास्ताविक, वक्त्याचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि अध्यक्षीय मनोगत तर हवंच. अध्यक्षांचं मनोगत खरं तर शेवटी असतं, पण अध्यक्ष वयस्कर, त्यांना लवकर झोपायची सवय, म्हणून ते आधी घ्यावं असंही बाबांनीच सुचवलं. मी माझ्या धंद्याला जागून सगळ्या गोष्टी टेस्ट केल्या. आवाज, कॅमेरा, उजेड, मागची पुस्तकं. पण मंडळाची मीटिंग आजवर सेक्रेटरींच्या ऑफिसच्या अकाउंटवरून व्हायची आणि त्या आठवड्यात ऑफिसने तो अकाउंट काढून घेतला होता, हे मला कुणी सांगितलं नाही. सेक्रेटरींनी फुकटातली मीटिंग लावली. ती चाळीस मिनिटं झाली की आपोआप बंद पडते.

रविवारी संध्याकाळी बाबा कोट घालून बसले. खाली लेंगा होता, पण तो दिसत नव्हता. स्क्रीनवर चौकटी भरू लागल्या. पार दुसऱ्या राज्यातल्या ब्लॅकटाउनहून माझी मावसबहीण आली, ट्रुगानिनातली निम्मी गल्ली आली, चिंचवडचे दोन जुने पेशंट आले. आई नव्हती. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच नाही म्हटलं.

दीपप्रज्वलनाला आम्ही डायनिंग टेबलावर समई लावली, आणि मंगल वाटावं म्हणून बाबांनी उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. वरचा स्मोक अलार्म असा किंचाळायला लागला की ईशस्तवन म्हणणाऱ्या बाईंनी डोळे मिटूनच सूर वर चढवला. नवरा खुर्चीवर चढून पंच्याने वारा घालतोय, लेक कानात बोटं घालून “धिस इज सो एक्स्ट्रा”, म्हणजे हे अतीच झालं, असं म्हणतेय, आणि बाबा शांतपणे हात जोडून बसलेत. मग स्वागत झालं. प्रास्ताविक झालं. परिचयात सेक्रेटरींनी शिट्टी निशाणीपासून सगळं सांगितलं. मंडळाच्या वतीने माझ्या लेकीने आमच्याच कपाटातली शाल आजोबांच्या खांद्यावर घातली आणि हातात नारळ दिला. आणि मग अध्यक्ष बोलू लागले.

अध्यक्ष म्हणजे मेलबर्नमधले सर्वांत जुने मराठी गृहस्थ. ते आले तेव्हा इथे कोथिंबीर मिळत नव्हती. ती पुढे कशी मिळू लागली, कढीपत्त्याचं रोप पहिल्यांदा कुणी लावलं, त्याला कीड कशी लागली, हे सगळं त्यांनी मनापासून सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता. त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मीटिंग संपत आल्याची सूचना झळकत होती. मला त्यांचा मेसेज आला, की थोडाच वेळ उरलाय, काय करू? काय करू म्हणजे? थांबवा त्यांना! सेक्रेटरींनी उलट लिहिलं, अध्यक्षांना कसं थांबवणार?

मला मीटिंगचे अधिकार होते. एक बटण दाबलं की अध्यक्ष म्यूट. मी माउसवर हात ठेवला. बाबांनी तो पाहिला, आणि टेबलाखालून माझं मनगट धरलं. “अध्यक्ष बोलतायत,” ते पुटपुटले. कोथिंबिरीच्या पायी पन्नास वर्षं पाण्यात चालली होती, आणि हा माणूस शिष्टाचार पाळत होता! आपल्या लोकांचं हे असंच. घराला आग लागली तरी बंब येईपर्यंत अध्यक्षांचं भाषण पूर्ण होऊ देतील.

शेवटी अध्यक्षांनी शुभेच्छा दिल्या. बाबा उभे राहिले. शाल सावरली, चष्मा लावला, घसा साफ केला.

“सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या माझ्या रसिक...”

स्क्रीन विझली.

बाबांनी ‘बंधू-भगिनींनो’ म्हणून वाक्य पूर्ण केलं. मग थांबले. लेक म्हणाली, “आजोबा, दे आर गॉन.” बाबांनी खांद्यावरची शाल काढली, नीट चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

“असू दे,” ते म्हणाले. “अध्यक्ष छान बोलले.”

त्या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. असू दे? असू देणार नाही! मी बाबांवर ओरडले. सगळं आयुष्य असू दे, असू दे म्हणत काढलं, आज नाही चालणार, बसा खाली, ती शाल घाला परत. बाबा इतके दचकले की निमूट बसले. मी माझ्या ऑफिसच्या अकाउंटवर नवी मीटिंग काढली. ते नियमात बसत नव्हतं. नोकरी गेली तर गेली, म्हटलं, कोविडमध्ये तशीही सगळ्यांची जातेय. लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली, आणि मग मी, नवरा, लेक, तिघं तीन फोन घेऊन बसलो. प्रत्येकाला फोन. परत या. व्याख्यान सुरू व्हायचंय. जेवायला बसला असाल तर ताट घेऊन या. लेकीने तिच्या मोडक्या मराठीत अध्यक्षांना फोन करून सांगितलं की आजोबा, यू स्पोक सो वेल, आता प्लीज ऐकायला या. अध्यक्ष झोपायचे सोडून आले.

आणि लोक आले! पहिल्यापेक्षा जास्त आले. मीटिंग बंद पडली म्हणजे काहीतरी झालंय, या कुतूहलाने आपल्याकडची माणसं दुप्पट जमतात. चौकटी एका पानावर मावेनात. शेवटी एक चौकट उघडली, तिच्यात माणूस नव्हतं, नुसता छताचा पंखा गरगरत होता. मी तो पंखा ओळखला. त्याचं एक पातं माझ्या लग्नाच्या आधीपासून वाकडं आहे. फोन पलंगावर उताणा ठेवून आई आडवी झाली होती. बाबांनीही पंखा पाहिला. त्यांची पाठ ताठ झाली.

मग बाबा बोलले. काय बोलले! मी माझ्या बापाला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकत होते. शिष्टाचार नाही, प्रस्तावना नाही, एकदम स्वातंत्र्ययुद्धात नेलं त्यांनी आम्हाला. अमेरिकेच्या सैन्याची दाणादाण उडालीय. जखमी माणसं इंग्रजांच्या हातात सापडलीत. सगळे मागे पळतायत आणि एक डॉक्टर उलट्या दिशेने चाललाय, शत्रूच्या छावणीकडे. पांढरं निशाण घेऊन. माझी माणसं तुमच्याकडे आजारी आहेत, मला आत घ्या. तिथे ते राहिले, आणि तिथे देवी पसरायची वेळ आली. आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे, बाबा म्हणाले, आणि त्यांनी कोट काढून बाही वर करून ती स्क्रीनला दाखवली. पण तेव्हा ती लस निघाली नव्हती. रोग्याच्या फोडातलं थोडंसं द्रव्य निरोग्याच्या कातडीत सोडायचं आणि देवावर भरवसा ठेवायचा, एवढाच उपाय. डॉक्टरसाहेब शत्रूच्या सेनापतीशी भांडले. कैद्यांचा डॉक्टर, समोर विजयी सेनापती, आणि भांडण कशावरून, तर टोचण्यावरून! सेनापतीला ऐकावं लागलं. साथ टळली.

पुढचा हिवाळा दलदलीत. सैन्य लपून राहिलंय, भोवती कुजकं पाणी, डास, थंडी. त्या काळी लढाईपेक्षा छावणीतल्या रोगांनी जास्त माणसं मरायची. डॉक्टरसाहेब रोज उठून काय करत होते? बाबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. कपडे धुवा, म्हणून ओरडत होते. कोरड्या जागी झोपा. हे खा, ते खाऊ नका. घाण इथे नाही, तिथे. खेड्यांतली कोवळी पोरं, बंदूक धरायला आलेली, त्यांना हात धुवायचा कंटाळा. शिव्या घातल्या असतील त्यांनी डॉक्टरांना. पण महिनोन्‌महिने त्या चिखलात राहून ती छावणी जवळजवळ रोगाशिवाय बाहेर आली. चौकटीचौकटीतून मास्क गळ्यात लटकवलेली माणसं ऐकत होती. कुणी खात नव्हतं, कुणी उठत नव्हतं. माझ्या अंगावर काटा होता आणि मला नाचावंसं वाटत होतं.

डॉक्टरसाहेबांना त्यांनी देव्हाऱ्यातही बसवलं नाही. ज्या घटनेखाली त्यांनी सही केली तिने गुलामगिरी तशीच चालू ठेवली, ती सही त्यांचीही आहे, हे बाबांनी आवाज न चढवता सांगितलं. माझी लेक, जी इतका वेळ दाराला टेकून उभी होती, ती तेव्हा येऊन आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसली.

संपल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, एवढं केलं तर मग हा माणूस विसरला कसा गेला?

बाबांनी वर केलेली बाही खाली केली. “लढाईत मेलेल्यांची स्मारकं होतात,” ते म्हणाले. “याच्या छावणीतली माणसं मेली नाहीत. ती घरी गेली, जेवली, म्हातारी झाली. आपण कशाने मेलो नाही, हे कुणाच्या लक्षात राहतं? डॉक्टरचं काम चांगलं झालं तर काहीच होत नाही.”

टाळ्या वाजल्या. कुणी म्यूटवर वाजवत होतं, कुणाचे नुसते हात दिसत होते. चिंचवडचा एक पेशंट डोळे पुसत होता. मी बाबांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा फुलला होता, पण नजर अजून त्या पंख्यावरच होती.

मग पंख्यातून आवाज आला.

“एक विचारू का?”

मी ताबडतोब सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. आईने चारचौघांत कधी प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

“विचार ना,” बाबा म्हणाले.

“हे तुमचे डॉक्टर आधी शत्रूकडे जाऊन राहिले, मग दलदलीत राहिले. तेव्हा त्यांची बायको कुठे होती?”

इतक्या वर्षांच्या अभ्यासात हा प्रश्न बाबांना कुणी विचारला नसावा. ते खुर्चीत पुढे सरकले.

“तेव्हा लग्न झालं नव्हतं त्यांचं,” ते म्हणाले. “झालं ते पन्नाशी उलटल्यावर. आणि बाई लवकरच गेल्या. फार थोडे दिवस मिळाले त्यांना एकत्र.”

पंखा फिरत राहिला. कुणीही मीटिंग सोडून गेलं नाही.

“बरं,” आई म्हणाली. “मी पहिल्यापासून सगळं ऐकलं. आता घरी या.”

विमानं बंद होती. ती कधी सुरू होणार हे कुणालाही माहीत नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येक चौकटीतल्या माणसाला ठाऊक होतं.

“येतो,” बाबा म्हणाले.